हलक्या हाताचा वस्तरा

गंगापूर रोड, नाशिक
१४ डिसेंबर

प्रिय विन्या,

परवा फोनवर म्हणालास, "संधिवाताच्या हातात वस्तरा? कशाला नसता उद्योग!" वहिनी शेजारी होत्या म्हणून तेव्हा मी गप्प बसलो. पण तुला हे पटावं असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वस्तऱ्याला पकड घट्ट लागते, असं तू धरून चालला आहेस. तसं नाही रे. माझी मूठ वळत नाही हे तू पाहिलंयस. सेफ्टी रेझरची बारीक दांडी पिळून ब्लेड बदलायचं म्हटलं की सांध्यांतून कळ निघायची. वस्तरा मात्र धरायचाच सैल. पात्यामागच्या दांडीवर तीन बोटं, खालून अंगठा, शेपटीवर करंगळी नुसती टेकलेली. पात्याच्या वजनानेच खुंट उतरतात; दाबलं की कातडी गेलीच म्हणून समज. माझ्या बोटांना जोर लावता येत नाही आणि इथे जोर नकोच असतो.

हे शिकवलं पंचवटीतल्या एका काकांनी. पूर्वी ते रामकुंडावर क्षौराला बसायचे, आता मुलगा बसतो. हल्ली अर्धं ब्लेड मोडून बसवायचाच वस्तरा चालतो, पण त्यांच्या धोकटीत जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना अजून आहे, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला. माझी बोटं त्यांनी एकेक करून दाबून पाहिली, कुठवर वळतात ते बघितलं आणि मग फुगा आणायला सांगितला. फुगलेल्या फुग्यावर ब्रशने फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा. फुगा न फुटता फेस निघायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी गालाला हात लावू दिला.

पातं गालाशी साधारण ३० अंशांत राहिलं पाहिजे. पाठ फार उचलली तर कापतं, कमी उचलली तर केस ओढले जातात. कोन जमला की पातळ पात्यातून बारीक 'चर्र' असा आवाज येतो. विन्या, तो आवाज ऐकायला मी दाढी वाढायची वाट बघतो!

खरी अडचण दुसऱ्या हाताची. कातडी ताणून धरावी लागते आणि माझा डावा हात उजव्याहून वाईट. ओल्या गालावरून बोटं निसटायची. काकांनी तुरटीचा खडा दिला: बोटांच्या टोकांना चोळायचा, मग कातडी पकडीत राहते. हनुवटीखाली मान मागे टाकतो, तिथे मानच ताण देते. उलटा हात मी मारत नाही. सुलट्या हाताने होते तेवढी दाढी पुरे.

चामड्याच्या पट्ट्यावर पाजवताना टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरून उलटायचा असतो. धारेवरून उलटला तर पट्टाही चिरतो आणि धारही जाते. सराईत माणूस तो चिमटीत फिरवतो. माझी बोटं फिरत नाहीत, म्हणून चामडं फळीवर चिकटवून घेतलंय. फळी टेबलावर ठेवतो आणि दोन्ही हातांनी सावकाश उलटतो. दगडावर धार लावणं त्या मानाने सोपं, कारण पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात. कोन वस्तऱ्याच्या घडणीतच आहे, हाताला तो सांभाळावा लागत नाही.

तुझी काळजी रास्त आहे. माझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, साधी चीर चिघळू शकते. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलंय. सांधे सुजलेले असले की वस्तरा पेटीतून निघत नाही. सकाळी तर कधीच नाही. त्या वेळी बोटं लाकडासारखी असतात, त्यात ही डिसेंबरची थंडी. संध्याकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसतो, बोटं मोकळी होतात, मग आरशासमोर.

या आजारात हातांनी एकेक गोष्ट सोडली. आधी तबला, मग स्कूटर, आता शर्टाची बटणंसुद्धा सुनंदा लावते. सगळं सुटत असताना हे हात एक नवी गोष्ट शिकलेत. मला त्याचं किती अप्रूप वाटतं, ते तुला नाही सांगणार तर कुणाला?

आता एक काम. तुमच्या माळ्यावर अण्णांची दाढीची पेटी होती, त्यात हस्तिदंती रंगाच्या मुठीचा वस्तरा होता. काढून बघ. गंज असला तरी घासू नकोस, खोबरेल लावून ठेव. धारेला खाच आहे का, तेवढं उजेडात धरून बघ आणि कळव. संक्रांतीला येशील तेव्हा घेऊनच ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या