कॅलेंडरवरच्या फुल्या

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुमच्या दुखण्यांचा विषय काढला की आई "जेवलीस का" विचारते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहून पाठवतेय.

शनिवारी डॉक्टरांनी व्हिडिओवर आईला विचारलं, "महिन्यातून किती वेळा डोकं दुखतं?" उत्तर कोणी दिलं? बाबांनी. "अधूनमधून." आई तोंडाला पदर लावून गप्प. मग गोळ्या किती घेता असं विचारलं, तेव्हा ती उठली आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून घेऊन आली. दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीच्या बारीक फुल्या. सप्टेंबरात 17! आई, मला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं गं.

त्या फुल्या बघूनच डॉक्टरांना अंदाज आला. मेडिकलमधून आणतेस त्या गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात. अर्धशिशीच्या माणसानं असली गोळी महिन्यातले 10 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक घेतली, की गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या पॅरासिटामॉललाही महिन्यात 15 दिवसांची हद्द आहे. आता ती मेडिकलची गोळी कमी करताना सुरुवातीचे काही दिवस डोकं जास्तच ठणकेल, हे त्यांनी आधीच सांगितलंय. तेव्हा बाबा, तुम्ही कळवळून परत पाकीट आणून द्यायचं नाही. रात्रीची नवी गोळी रोज घ्यायची आहे, दुखलं तरच नव्हे. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात.

गेल्या वर्षी कोल्हापूरला आईची प्रत्यक्ष तपासणी आणि स्कॅन झालाय, म्हणून पुढचं हे घरबसल्या जमतंय. आठवतं ना, आंबा घाटात उलट्यांसाठी दोनदा गाडी थांबवली होती; दवाखान्यात पोचेपर्यंत काय सांगायचं तेच ती विसरली होती.

बाबा, आता तुमचं. चहा पिऊन, जिना चढून, हात लोंबता ठेवून बीपी मोजता आणि वर "मशीन खोटं" म्हणता. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला, मग बटण दाबा. येईल तो आकडा लिहा. चार दिवस लोणचं सोडून आलेला सोवळा आकडा डॉक्टरांना नको आहे. तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट देवरुखातच काढा. पायाची बधिर बोटं मात्र कॅमेऱ्यात दाखवून भागणार नाही, त्यासाठी जावंच लागेल. आणि डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली नाही म्हणून रागावलात ते उगाच. 2020 च्या मार्चमध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या सरकारी नियमांत काही औषधं फोनवरून लिहून द्यायला बंदीच आहे. डॉक्टरबाई भाव खात नव्हत्या.

एकच गोष्ट दोघांनी पाठ करा. डोकं एकाएकी कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा तापात मान ताठली, तर व्हिडिओ नाही, मला फोनही नाही. आधी 108.

पुढचा कॉल 22 तारखेला, सकाळी 11 ला. रेंज तुळशीपाशीच येते, तेव्हा आईची खुर्ची तिथे. कॅलेंडर हाताशी. बाबा, तुमची खुर्ची जरा लांब, पडवीत.

तुमची,
मनू