न भेटलेल्या सिस्टरांना पत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी तुम्ही केलेल्या एका फोनबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपली भेट अजून झालेली नाही. मनगटावरच्या पट्ट्यातून तुमच्यापर्यंत पोहोचणारी नाडी, पावले आणि झोपेचे तास एवढीच तुम्हाला माझी ओळख.

खरे सांगायचे तर त्या पट्ट्याचा मला जाचच वाटे. अंधारात त्याच्या कडेने झिरपणारा हिरवा उजेड डोळ्यांत खुपायचा, आणि तो सैल पडून भलतेच आकडे गेल्यामुळे एकदा मध्यरात्री सगळ्या घराची झोप उडाली होती.

त्या दिवशी सकाळी अंग कसकसत होते म्हणून मी पॅरासिटामॉल घेतली आणि दुपारी थर्मामीटरवर 37.2 अंश सेल्सिअस पाहून निर्धास्त झालो. तुम्ही फोनवर तापाचे विचारलेत, मी नाही म्हणालो. मात्र एरवी बसल्याजागी 72 असणारी माझी नाडी पहाटेपासून 100 च्या खाली उतरलेली नाही आणि पावले निम्म्यावर आली आहेत, हे तुमच्या समोर होते, म्हणून फोन न ठेवता तुम्ही विचारलेत, "सकाळपासून कुठली गोळी घेतली आहे का?" गोळीने ताप झाकला होता, नाडी झाकली गेली नव्हती. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली, धोक्याच्या पातळीवर होत्या आणि ताप 38.6 वर गेला होता. अँटिबायोटिक तासाभरात सुरू झाले.

पुढे न्यूयॉर्कमधल्या 766 रुग्णांच्या अभ्यासाविषयी वाचले. पसरलेल्या कर्करोगावरील उपचारांदरम्यान आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवणाऱ्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो काळ) 31 महिने, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे 26 महिने होते, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मनगटी पट्टे नव्हते, पण त्रास वाढल्याची सूचना नर्सकडेच जात असे, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, असे म्हणत गप्प बसणारा मी एकटाच नसणार.

पॅरासिटामॉलची पाकिटे आता थर्मामीटरच्या डबीला रबर लावून बांधली आहेत. चौथी केमो सोमवारी आहे. पट्टा चार्जिंगला लावला आहे.

तुमचा कृतज्ञ,
एक रुग्ण