गळ घट्ट धरणारा जबडा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फ्लाय, म्हणजे गळावर दोऱ्यानं पिसं-केस बांधून केलेलं माशांचं नकली आमिष, बांधायला बसायचं ठरवलंस आणि पहिल्याच पायरीवर, गळ धरून ठेवणाऱ्या व्हाइसपाशी, अडलास. स्वस्तातलाच घ्यायचा ना? मग पैसे जबड्यासाठी मोज, फिरकीसाठी नको. गळ हलू न देणं हे व्हाइसचं खरं काम, बाकी सगळी सोय.

जबडे पाणी दिलेल्या पोलादाचे हवेत. मऊ धातूत गळाची तार रुतते, काही दिवसांत खाच पडते आणि मग बारीक गळ त्या खाचेत नुसता लोळतो. वरच्या चकाकीवरून यातलं काही कळत नाही, म्हणून गळ लावूनच बघायचं. दहा नंबरचा गळ लाव आणि नेढ्यावर अंगठ्यानं खाली दाब. दांडा लवून पुन्हा वर आला तर पकड चांगली. खालीच राहिला तर गळ जबड्यात फिरला असं समज. मग दांड्यावर दोऱ्याचे दहाएक वेढे घे आणि दोरा तुटेपर्यंत ओढ. दोरा तुटावा, गळ सरकू नये. शेवटी जबडा उघडून आतून नख फिरव. एवढ्यानंच खाच लागली तर तो व्हाइस तिथंच ठेवून दे.

खोक्यावर ‘२/० ते २२’ असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. (नंबर वाढला की गळ लहान, हे लक्षात आहे ना? शून्यवाल्यांचं मात्र उलटं.) सुरुवातीला तुझं काम ८ ते १४ नंबरांत भागेल, तेवढेच लावून बघ.

स्वस्तातले बरेचसे व्हाइस लिव्हरचे असतात. लिव्हर दाबली की जबडे नळीत ओढले जाऊन मिटतात. इथं नवशिक्यांची चूक ठरलेली: बारीक गळासाठी बसवलेल्या फटीत जाड गळ घालायचा आणि लिव्हर जोर लावून खाली रेटायची. त्यानं जबडे फाकतात, नाहीतर आतला कॅम, म्हणजे लिव्हरबरोबर फिरून जबडे ओढणारा भाग, झिजतो. गळाची जाडी बदलली की आधी फटीचा स्क्रू फिरव. लिव्हर अर्ध्यावर आली की जोर लागायला हवा, त्याआधीही नको आणि अगदी तळाशीही नको. आणि गळ बाकापाशी धर, टोक व काटा जबड्याबाहेर राहू दे. टोक आत दाबलं तर ते मोडण्याची भीती असते. बाहेर ठेवलं तर दोरा कधीमधी त्याला अडकून तुटेल, पण ती सवय हाताला लवकर लागते.

फिरत्या व्हाइसचा मोह तुला होणार. फिरणारे दोन जातींचे असतात, आणि फसगत इथंच होते. खऱ्या रोटरीत गळाचा दांडा आसाच्या रेषेत असतो, फिरवलं तरी नेढं जागच्या जागी राहतं. तार किंवा पीस गुंडाळायला ते उत्तम. दुसऱ्या जातीत गळ हवेत गोल घिरट्या घालतो. पलीकडची बाजू बघायला तेही पुरे, पण त्याला रोटरीची किंमत देऊ नकोस. नेढ्यासमोर पेन्सिलीचं टोक धरून एक फेरी फिरव, लगेच दिसेल. फिरवताना आस लुटलुटत असेल तर साधा न फिरणारा व्हाइस परवडला.

बैठकीचं म्हणशील तर टेबल नेहमीचं असेल तर त्याच्या कडेला आवळून बसणारा सी-क्लॅम्प घे. त्याचा आ तुझ्या टेबलाच्या कडेपेक्षा मोठा आहे ना, ते आधी मोजून जा. टेबल बदलत राहणार असेल तर वजनी पाट बरा, पण तो दोन किलोच्या आसपास हवा. हरणाचे केस बांधताना दोरा इतका ताणावा लागतो की हलका पाट उचलला जातो. आणखी एक, उभ्या दांड्याचा व्यास बघ. बऱ्याच व्हाइसांना ९.५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या निम्मा असतो. तोच असेल तर पुढं नुसती बैठक किंवा नुसतं डोकं बदलता येतं.

व्हाइससकट सगळं येणारा संच मात्र नको. त्यातली कात्रीही बोथट आणि दोऱ्याचं रीळ धरणाऱ्या बॉबिनची नळी दोरा कापणारी निघते.

आणल्यावर जबड्याच्या बाहेरच्या कडा बोटानं चाचपून बघ. धार लागली तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं अलगद मार, आतल्या पकडीच्या बाजूला हात लावू नकोस. कॅमला मशीन ऑइलचा एक थेंब दे, पण जबडे कोरडे पुसून घे. तेल दोऱ्याला लागलं तर फ्लायच्या डोक्यावरचं वार्निश धरत नाही.

जबड्याचा फोटो पाठव, जवळून काढलेला.

तुझा,
दिनू