नाटकाकडे परतणं म्हणजे त्याग नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मालिकांत, सिनेमात नाव झालेला एखादा कलाकार बऱ्याच वर्षांनी नाटकात उतरला की वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्या कौतुकाचा सूर बहुतेक वेळा असा असतो की बघा, एवढा पैसा आणि प्रसिद्धी बाजूला ठेवून हा माणूस रंगभूमीसाठी झटतोय. मला हा सूर पटत नाही. मी सांगलीतली हौशी अभिनेत्री आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. मग बँकेतली नोकरी, बदल्या, सासूबाईंचं आजारपण यात नाटक सुटलं ते सुटलंच. निवृत्तीनंतर जुन्या मंडळींनी बोलावलं आणि पुन्हा तोंडाला रंग लागला. नट परततो तो रंगभूमीवर उपकार करायला नाही. त्याला जे हवं असतं ते दुसरीकडे कुठे मिळतच नाही, म्हणून तो येतो.

काय मिळतं ते सांगते. आमच्या नाटकात मी नुकत्याच वारलेल्या सासूच्या साड्या आवरत असते. एका साडीची घडी घालता घालता थांबते, घडी मोडते, पुन्हा घालते आणि म्हणते, "अशी नाही आवडायची त्यांना." तालमीत आम्ही हे वाक्य दुःखाचं धरलं होतं. स्पर्धेच्या प्रयोगात पुढच्या रांगांतल्या बायका चक्क हसल्या. जन्मभर सासूचा धाक बाळगलेल्या बायकांचं ते हसू, मला चांगलंच ओळखीचं. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं, ते मागे घेतलं आणि हसू ओसरू दिलं. मात्र ते पूर्ण विरायच्या आत बोलले, कारण पूर्ण विरलं की प्रवेश पडतो. पुढच्याच वाक्याला त्या बायका डोळे पुसत होत्या. नंतर मिरजेत प्रयोग झाला. तिथे त्या वाक्याला कुणीच हसलं नाही. तो पॉज मग वेगळ्या तऱ्हेने भरावा लागला. तालमीत कधीच ठरलं नव्हतं, पण ती साडी मी छातीशी धरून तशीच उभी राहिले. दिग्दर्शक विंगेत होते. पडदा पडल्यावर म्हणाले, "हे ठेवा, पण हसू आलं तर करू नका."

वाक्य तेच, घडीही तीच, आणि त्याचा अर्थ त्या त्या दिवशीच्या प्रेक्षकांनी ठरवला. कॅमेऱ्यासमोरचा अभिनय मी कमी लेखत नाही, तिथलंही कसब मोठं आहे. पण समोर बसलेल्या माणसांनी आपल्या वाक्याचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलावा आणि आपण त्याच क्षणी त्याला उत्तर द्यावं, हे सुख तिथे नाही.

प्रशांत दळवी यांच्या 'चारचौघी'तला टेलिफोनचा प्रवेश ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच उमगेल. 1991 मध्ये तो वंदना गुप्ते करायच्या. 2022 मध्ये नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा विद्याची ती भूमिका मुक्ता बर्वे यांनी केली. बाई एकटी, हातात रिसीव्हर, आणि पलीकडे बोलणारा नवरा आपल्याला ऐकूही येत नाही. त्याची वाक्यं प्रेक्षकच मनात रचत जातात. शूटिंगमध्ये हा प्रवेश तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडता येईल. नाटकात तो नटीला सलग पेलावा लागतो, आणि तिने पेलला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पलीकडच्या नवऱ्याची उत्तरं ऐकू यायला लागतात. अशा भूमिकेसाठी नाटकाकडे येणाऱ्या अभिनेत्रीने काही गमावलं असं कोण म्हणेल?

डॉ. श्रीराम लागूंबद्दलही मला हेच वाटतं. कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियात काम करून परतले, आणि 1969 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी, 23 डिसेंबर 1970 ला, 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. हातातला व्यवसाय सोडला म्हणून आपण त्याला त्याग म्हणतो. मला वाटतं, त्याआधी नाटकापासून लांब राहून काढलेली वर्षं हाच त्यांचा खरा त्याग असेल.

परतणं सोपं नसतं, हेही सांगायला हवं. सगळ्यात आधी आवाज दगा देतो. काउंटरच्या काचेआडून बोलायची सवय झालेली, आणि इथे बाल्कनीपर्यंत शब्द पोचवायचा. पाठांतर होतं, पण वाक्याच्या शेवटी श्वास संपतो आणि क्रियापद गिळलं जातं. मराठी वाक्याचा जीवच तर क्रियापदात! रोज सकाळी गच्चीवर उभं राहून मोठ्याने वाचन केलं, तेव्हा कुठे आवाज ताळ्यावर आला. प्रयोग चालू असताना तिसऱ्या रांगेत कुणाचा मोबाईल वाजतो तेव्हा एवढा जीव का जळतो, ते यावरून वाचकांच्या लक्षात यावं. त्या आवाजाने आमची एकाग्रता मोडते हे खरंच, पण शेजारी बसलेल्या दहा जणांनी मनात रचत आणलेलं तेही मोडतं.

आता आपल्याकडे एक मागणं. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी 'सीतास्वयंवर' केलं ते याच सांगलीत. त्या दिवशी आपण रंगभूमी दिनाचे लेख छापता, मी ते जपून ठेवते. साधारण त्याच सुमारास राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही केंद्राकेंद्रांवर सुरू होते. पुढे निकाल छापून येतो, कुणाला रौप्यपदक मिळालं तेही येतं, पण आज संध्याकाळी कोणतं नाटक आहे हे त्या दिवशीच्या अंकात सापडत नाही. बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, एसटीचा वाहक दिवसभराचं काम उरकून रात्री दोन-दोन महिने तालमी करतात, आणि स्पर्धेत त्यांच्या वाट्याला तो एकच प्रयोग येतो. तोही अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर करावा लागला तर वर सांगितलेलं काहीच घडत नाही. तिकीट अगदी नाममात्र असतं. लोकांना कळलं तर ते येतात. आमच्या गल्लीतल्या औषध दुकानदाराला मी सहज सांगितलं, तर ते घरच्या सगळ्यांना घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या माझ्याशी शेवटच्या प्रवेशावरून वाद घातला.

स्पर्धेच्या दिवसांत जिल्हा पानावर रोज दोन ओळी द्याव्यात: नाटकाचं नाव, संस्था, वेळ, नाट्यगृह. वेळापत्रक जाहीर झालं की त्याची प्रत मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक हौशी रंगकर्मी, सांगली