बघायचे पैसे

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुऱ्या,

दिवाळीपासून तुला ना पत्र, ना फोन. तुझे दोन मिस्ड कॉल दिसले, तरी मी उलटून फोन केला नाही. तू पहिलंच विचारलं असतंस, "काय मर्दा, कामं मिळतायत का?" कामं मिळतायत. पैसे मिळत नाहीत. आणि ते का मिळत नाहीत हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही, म्हणून आज जेवण झाल्याबरोबर लिहायला बसलो.

इकडे सगळे बरे. आईची शुगर ताब्यात आहे, माझी बीपीची गोळी चालू आहे.

नोकरी सोडून पाच महिने झाले. वरच्या खोलीत टेबल टाकलंय, दारावर 'ऊर्जा सल्लागार' अशी पाटी लावलीय. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी एका संध्याकाळी घरीच उरकली. आधार आणि पॅन लागतं, फी काही नाही. त्याच कामाचे एक एजंट अडीच हजार मागत होता. ऊर्जा ऑडिटरचे चारही पेपर सुटले तेव्हा तू म्हणाला होतास, "आता लोकांच्या घरातले दिवे बंद करत फिर." ते अजून घरात सगळ्यांना पाठ आहे.

आता मुद्द्याचं. जानेवारीत तासगाव रोडच्या एका कोल्ड स्टोरेजवर गेलो. मालक सासऱ्यांचे लांबचे पाव्हणे. बेदाणा ठेवतात. "बिल लई येतंय, जरा बघता का?" एवढंच म्हणाले. मी तीन तास बघितलं. खोलीच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि तिथं बोटभर बर्फ साठला होता. कंडेन्सरच्या नळ्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. पण खरं दुखणं पॅनेलमध्ये होतं. कपॅसिटरवर एकेक करून टाँग टेस्टर लावला. सहापैकी चार मेलेले, काटा हलेचना. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरा कामाला लागणारा वाटा, ०.८० वर आलेला. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे मोठ्या कनेक्शनची बिलं केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या सगळ्या विजेवर निघतात, त्यामुळे आता वेगळा दंड दिसत नाही, युनिटच फुगतात. मशीननं खरी वापरली १००, बिलात लागली १२५. मी त्यांच्याच बिलाच्या पाठीवर हा हिशेब मांडून दाखवला. कुठले कपॅसिटर आणायचे, किती क्षमतेचे, तेही लिहून दिलं. त्यांनी चहा दिला आणि पाच किलो बेदाण्याचा बॉक्स गाडीला अडकवला. मी घरी आलो.

पुढच्या महिन्यात त्यांचाच फोन. आवाजात नुसता आनंद. बिल ३५,००० रुपयांनी उतरलं होतं. मलाही इतकं बरं वाटलं की विचारू नकोस. फोन ठेवता ठेवता मी म्हणालो, "माझ्या फीचं काय ते..." तर म्हणाले, "अहो, सांगायचे कसले पैसे? कपॅसिटरचे दिले की दुकानदाराला!"

ते मनानं वाईट नाहीत रे. त्यांना खरंच तसं वाटतं. वस्तूला पैसे, हाताच्या कामाला पैसे, सांगण्याला चहा. असे आणखी तिघे झाले. कुपवाडला एमआयडीसीत एकाच्या हवेच्या लाइनवर साबणाचं पाणी लावून अकरा ठिकाणचे बुडबुडे दाखवले. कॉम्प्रेसरचं प्रेशर एक बारनं उतरवलं तर वीज सहा-सात टक्क्यांनी कमी लागते, हे सांगितलं. त्यानं माझ्यासमोर नॉब फिरवला आणि मला गेटपर्यंत सोडायला आला. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदा २००६ पासून आहे, मला कलमासकट माहीत आहे. पण मी बिलच दिलेलं नाही तर ४५ दिवस मोजणार कुठून?

आणि इथंच मला आपला २०१९ चा पूर आठवला.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मारुती चौकातल्या तुमच्या वाइंडिंगच्या दुकानापुढं भिजलेल्या विजेच्या मोटारींची रांग लागली होती. मी कारखान्यातून आठ दिवस रजा काढून आलो होतो, आठवतं? आपण गाळ धूत होतो, वाइंडिंग वाळवत होतो, अण्णा इन्सुलेशन तपासायचा मेगर लावून कुठली जगली कुठली गेली ते सांगत होते. आणि मी गिऱ्हाइकांना म्हणत होतो, "राहू द्या पैसे, पुराचे दिवस आहेत." अण्णांची सगळी तांब्याची तार आणि इन्सुलेशन पेपर पाण्यात गेलेला, हे मला दिसत होतं तरीही. तिसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तुझा पगार एक तारखेला येतो, म्हणून तुला दान सुचतंय." मी चिडून निघून गेलो. वर्षभर आपण बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण तो विषय दोघांनीही काढला नाही.

आता एक तारखेला काही येत नाही. तू बरोबर होतास. मी दुसऱ्याच्या खिशातून मोठेपणा केला, अण्णांच्या खिशातून. हे मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, सहा वर्षं लावायला नको होती.

अण्णांचा नियम आठव. बघायचे वेगळे, वाइंडिंग भरायचे वेगळे. मोटार टेबलावर ठेवली की आधी बघायचे पन्नास रुपये, मग पाना हातात. मला तेव्हा ते कोतं वाटायचं. परवा कुपवाडच्याच दुसऱ्या एकाचा फोन आला, "जरा येऊन नजर टाकून जा की." आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "बघायचे तीन हजार होतील. अहवाल हवा असेल तर त्याचं वेगळं." पलीकडं दोन सेकंद शांतता. माझ्या कानात रक्त वाजत होतं. मग तो म्हणाला, "बरं, मंगळवारी या." फोन ठेवल्यावर मी बायकोला हाक मारली. तिला वाटलं कुणी गेलं की काय.

पण अनोळखी माणसाला म्हणता आलं, ओळखीच्याला येईना. त्या पाव्हण्यांनी आता मिरजेच्या बाजूला दुसरं कोल्ड स्टोरेज घेतलंय. गुरुवारी अकराला बोलावलंय, अर्थात "जरा बघायला". बायको म्हणते, आत पाय टाकायच्या आधी कागद हातात द्यायचा. सासरे म्हणतात, घरातल्या घरात कागद कसला. मी कोटेशन टाइप करून ठेवलंय, २५,००० रुपये, निम्मे आधी. दोनदा आकडा कमी केला, दोनदा परत वाढवला. परवा हरिपूरला संगमावर एकटाच जाऊन बसलो. जमिनीतल्या पेवांच्या जागा बघत होतो. त्या पेवांत वर्षानुवर्षं हळद राहिली आणि कुणाला एक युनिट लागलं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, तिथं तुझा धंदाच झाला नसता.

चिंचवडचा फ्लॅट ताब्यात आला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिमीची दहावी ना यंदा, तिला माझा आशीर्वाद. तुझ्या पाठीचं नीट लिही.

एक काम कर. अण्णांना विचार, पाव्हण्यारावळ्यांची मोटार आली की ते पहिलं वाक्य काय बोलायचे. पैसे घ्यायचे हे मला माहीत आहे, पेठेतले सगळे त्यांच्याकडेच यायचे आणि कुणी तुटलं नाही. पण वाक्य काय होतं? बघायचे पन्नास म्हणताना ते समोरच्याकडे बघायचे की मोटारीकडे, एवढंही मला आठवत नाही. त्यांना म्हणावं, पुराच्या वेळचं मी विसरलेलो नाही. त्या बॉक्समधला दोन किलो बेदाणा त्यांच्यासाठी बांधून ठेवलाय, उद्याच्या गाडीनं पाठवतो.

बुधवारच्या आत फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
बाप्या