‘माझ्या हाताला झाड लागत नाही’ हे खरं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघरातल्या बिया आणि टाकाऊ भाजीपासून झाडं लावण्याबद्दल छोटा लेख आला होता तो वाचून हे पत्र लिहितेय. लेख चांगल्या मनाने लिहिलाय, विषयही माझ्या अगदी जवळचा आहे, पण त्यात लिंबाची फांदी केळ्यात खोचून लावा आणि गुलाबाची बटाट्यात असे जे दोन उपाय दिलेत ते दोन्ही मी करून बघितलेत. बटाटा आठ-दहा दिवसात आतून कुजला आणि त्याच्यासोबत फांदी पण काळी पडली, केळ्याला तर नुसती चिलटं लागली. मोबाईलवर असे व्हिडिओ रोज फॉरवर्ड होतात, माणूस ते बघून करतो, जमत नाही, आणि मग म्हणतो जाऊदे, माझ्या हाताला झाडच लागत नाही. मला या वाक्याबद्दलच बोलायचंय कारण मी ते स्वतःबद्दल वीस वर्षं म्हणत होते.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा पहिल्याच मे महिन्यात माहेरच्या आंब्यांच्या कोयी मी स्वच्छ धुतल्या, गच्चीत आठ-दहा दिवस कडकडीत उन्हात वाळवल्या आणि पाऊस सुरू झाल्यावर कुंडीत लावल्या. एकही रुजली नाही. पुढच्या वर्षी परत तसंच केलं, परत काही नाही. सासूबाई म्हणाल्या असतं गं एकेकाचं, तुझ्या हाताला झाड लागत नाही. त्या काही टोचून बोलल्या नव्हत्या, पण ते मनात जे बसलं ते बसलंच, नंतर मी तुळशीलाही पाणी घालायला ह्यांनाच सांगायचे.

मग 2020 चं लॉकडाऊन आलं. त्या वर्षी आंब्याच्या पेट्या शेतकऱ्यांकडून थेट सोसायटीत येत होत्या, आणि मी सालं, देठं, कोयी सगळं ग्रीलमधल्या एका रिकाम्या जुन्या कुंडीत टाकत होते. जूनच्या शेवटी बघते तर त्या कचऱ्यातून तांब्याच्या रंगाची, खाली मान टाकलेली चार पानं वर आलेली. मी खरंच तिथेच उभी राहिले. दादाला फोन लावला, तो गावाला कलमं करतो, त्याने पहिलं विचारलं की पूर्वी कोयी वाळवून लावल्या होत्यास का, मी हो म्हटलं, तर म्हणाला अगं भात-नाचणीचं बी वाळवून कणगीत ठेवतात, आंब्या-फणसाचं नाही, ते वाळलं की मेलं.

एवढंच होतं, त्यात हाताचा काही संबंध नव्हता.

हे कुठल्याच व्हिडिओत धड सांगत नाहीत म्हणून इथे लिहिते. आंबा, फणसाची आठळी, जांभूळ, लिची, अवोकॅडो, या सगळ्यांचं बी आतून ओलं आणि जिवंत असतं, ते फळ खाल्ल्यावर लगेच, फार तर चार-आठ दिवसात मातीत गेलं पाहिजे. कोय खाऊन झाली की रेषांमधला गर घासून धुवायची, एक दिवस सावलीत ठेवायची म्हणजे बुळबुळीत राहत नाही, आणि मग कडेने अडकित्त्याने किंवा जुन्या कात्रीने हळूच उघडायची. आत पातळ कागदासारख्या सालात गुंडाळलेला, मूत्रपिंडाच्या आकाराचा गर निघतो. तो घट्ट असेल आणि पांढरट-हिरवट असेल तर चांगला, काळा पडून मऊ झाला असेल किंवा आतून किड्याने पोखरला असेल तर टाकून द्यायचा. मातीत आडवा ठेवायचा, बाकदार पाठ वर, वरून जेमतेम झाकेल एवढी माती. दोन-तीन आठवड्यात कोंब येतो. कोय न उघडताही रुजते, वेळ जास्त लागतो, पण उघडली की आत काय आहे ते कळतं आणि लहान मुलांना तर ते दाखवायलाच हवं.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला लोक कचरतात. हापूसची कोय लावली की हापूस मिळत नाही. कोयीतून येणारं झाड आईसारखं असेलच असं नाही, आणि फळ धरायला सहा-आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, ते पण जमिनीत, ग्रीलमधल्या कुंडीत नाही. म्हणून तर कोकणात कोय कलम करतात. रायवळ आंब्याच्या कोयी पावसाच्या सुरुवातीला रुजवायच्या, रोप पंधरा-वीस दिवसांचं कोवळं तांबूस असतानाच वरून छाटायचं, त्याच्या देठात मधोमध चीर द्यायची आणि हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवून प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत पोचवली, दादा तिथेच शिकला. तर खिडकीतलं आंब्याचं रोप हे फळासाठी नाहीच, ते त्या पानांसाठी. नवी पालवी फुटते तेव्हा आधी तांबूस, मग पोपटी, मग गडद हिरवी, असं दर काही महिन्यांनी आमच्या खिडकीत होतं आणि त्याच्यासाठी मी सकाळचा चहा तिथे उभ्याने पिते. दोन-तीन वर्षांनी कुंडी पुरेनाशी झाली की गावाला पाठवते, आत्तापर्यंत पाच रोपं दादाच्या बांधावर गेलीत.

लिंबाचं मात्र उलट आहे आणि ते मला फार आवडतं. कागदी लिंबाची एक बी लावली की कधीकधी दोन-तीन कोंब येतात, आणि त्यातले बरेचसे आईच्या झाडाची अगदी नक्कल असतात. फळाला पाच-सहा वर्षं जातात पण तोपर्यंत नुसतं पान चुरगळलं तरी घर भरून वास येतो. सरबत करताना निघालेल्या टपोऱ्या बिया धुवून ओल्या असतानाच लावायच्या, बस. आमच्या मजल्यावरची तिसरीतली मुलगी असंच एक रोप घेऊन गेली होती, ती एक दिवस रडवेली होऊन आली की पानांवर पक्ष्याची घाण पडलीय आणि पानं कोणीतरी खातंय. ती घाण नव्हती, लिंबाच्या फुलपाखराची अळी होती, लहानपणी ती अगदी विष्ठेसारखी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते. आम्ही फवारणी वगैरे काही केली नाही. तिने आपल्या रोपावर ती अळी ठेवली, कोष झाला, आणि एका सकाळी ती शाळेत जायच्या आधी मला हात धरून ओढत घेऊन गेली, काळं-पिवळं फुलपाखरू पंख सुकवत बसलं होतं. रोपाची निम्मी पानं गेली होती, महिन्याभरात परत आली.

बाकीचं थोडक्यात सांगते. आलं मार्च ते मे मधे ज्याला डोळे फुटलेत तेच घ्यायचं, पसरट कुंडीत आडवं ठेवायचं आणि पाणी बेतानेच, नाहीतर कुजतं, थंडीत पानं पिवळी पडून वाळली की काढायचं. गेल्या आषाढी एकादशीच्या रताळ्यातलं एक मी टूथपिक लावून पाण्याच्या ग्लासात अर्धं बुडवून ठेवलं होतं, त्याचा वेल ग्रीलवर इतका पसरला की दुपारचं ऊन अडतं. पुदिन्याच्या जुडीतल्या चांगल्या काड्या घ्यायच्या, खालची पानं काढून पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसात मुळं. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून पेरायचे, पण मे महिन्याच्या उकाड्यात कोथिंबीर धड येत नाही, लगेच फुलावर जाते. पपईच्या बीवर जी बुळबुळीत पिशवी असते ती चाळणीत घासून काढल्याशिवाय बी नीट उगवत नाही. आणि सफरचंदाचं बी लावून कंटाळलेले खूप जण भेटतात मला, त्या बीला आधी थंडी लागते, ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून दोन-तीन महिने फ्रीजमधे ठेवल्याशिवाय ते सहसा जागंच होत नाही.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने. पाण्यात मुळं काढायला ठेवलेले ग्लास, बाटल्या आणि कुंडीखालच्या ताटल्या हे डेंग्यूच्या डासाचं घर आहे. आठवडा-दहा दिवसात अंड्याचा डास होतो, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. मी ग्लासातलं पाणी दर दोन दिवसांनी बदलते आणि शुक्रवारी सगळ्या ताटल्या पालथ्या घालते. आमच्या बिल्डिंगमधे एका घरात डेंग्यू झाला तेव्हा सगळ्यांच्याच कुंड्या काढायची भाषा सुरू झाली होती. त्या घरचं आजारपण बघून, असं म्हणणाऱ्यांवर राग धरावा असं मला वाटलं नाही, दारोदार जाऊन ताटल्यांचं समजावून सांगितलं आणि कुंड्या राहिल्या. कुंडी ग्रीलच्या आत ठेवा, कठड्यावर नको, हेही तेव्हाच ठरलं.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत झाडांबद्दल छापताना ते कोणीतरी करून बघितलेलं असावं, आणि ते वेळेवर यावं. आंब्याच्या कोयीबद्दल ऑगस्टमधे वाचून काय उपयोग, तोपर्यंत घराघरातल्या कोयी कचऱ्याच्या गाडीत गेलेल्या असतात. पंचांगाच्या बाजूला एक छोटी चौकट द्या, या आठवड्यात घरात कुठलं फळ येतंय आणि त्याचं बी कसं लावायचं, चार ओळी पुरतील. आत्ता जून सुरू आहे, पेटीतले शेवटचे आंबे घराघरात खाऊन होतायत, या आठवड्यात पहिली चौकट कोयीची देता आली तर बघा. कोय कलमाची नीट माहिती मी दादाकडून लिहून घेऊन पाठवते, फोटो पण पाठवीन, त्याचं कलमांचं काम येत्या आठवड्यातच सुरू होतंय.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)