डायलिसिस मोफत, पण त्याआधीच्या गोळीचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस,

स. न. वि. वि.

पुण्यात पर्वती पायथ्याला माझं मेडिकलचं दुकान आहे. महिनाअखेर आली की काउंटरवर ठरलेली मागणी येते, "अख्खं पाकीट नको, पाचच गोळ्या कापून द्या." मागणारे बहुतेक जुने मधुमेही, लघवीतून प्रथिनं जायला लागलेले, म्हणजे किडनी बिघडायला लागलेले. बीपीची टेल्मिसार्टन स्वस्त, ती घेतात. चिठ्ठीवरची डापाग्लिफ्लोझिन, म्हणजे किडनी जपणारी मधुमेहाची नवी गोळी, पुढच्या पगारावर जाते.

याच माणसाची किडनी निकामी झाली की सरकार धावून येतं. २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशिनला लागलेल्या रिक्षावाल्याने रिक्षा चालवायची कधी? आणि त्याआधीच्या वर्षांतली रोजची गोळी फुले योजनेत बसत नाही, कारण तेव्हा तो कुठे भरती झालेला नसतो.

ही डापाग्लिफ्लोझिन काय करते, ते २०२०च्या डापा-सीकेडी या किडनीच्या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत दिसलं. ४,३०४ रुग्ण, त्यातल्या साधारण एक तृतीयांश जणांना मधुमेह नव्हताच. जवळजवळ सगळे टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध आधीपासून घेत होते. सुमारे अडीच वर्षांत किडनीचं काम निम्म्याने घटणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काहीतरी नुसत्या जुन्या उपचारावर १४.५ टक्के जणांच्या वाट्याला आलं. डापाग्लिफ्लोझिन जोडल्यावर ९.२ टक्के जणांच्या. आजार बरा होत नाही, पण डायलिसिस लांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं २०२१मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या २०२२च्या राष्ट्रीय यादीत टेनेलिग्लिप्टिन हे मधुमेहाचं दुसरं औषध आलं, हा गट राहिला.

सरकारला महाग पडेल म्हणावं, तर तेही आता खरं नाही. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२०मध्ये संपलं, याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५मध्ये. साठेक रुपयांची एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी ५ ते १५ रुपयांवर आली. सरकारने घाऊक घेतली तर आणखी खाली येईल. माझं गिऱ्हाईक तुटेल, ते तुटू द्या.

मात्र नुसती गोळी वाटून भागणार नाही. टेल्मिसार्टन काय किंवा ही काय, सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात किडनीचं काम दाखवणारा आकडा, थोडं वाढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, पण रुग्ण रिपोर्ट बघून हबकतो, शेजारी सांगतात "गोळीनेच किडनी गेली", आणि औषध बंद होतं. असे रिपोर्ट घेऊन लोक आधी माझ्याकडे येतात, कारण ओपीडीत रांग असते. त्यांना समजावणारं माणूस तिथेच हवं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा निर्जळी उपास धरला तर ही नवी गोळी तेवढे दिवस थांबवायची, वारीत गुडघा दुखला म्हणून किडनीला घातक ठरू शकणारी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक मनाने खायची नाही, हेही सांगायला हवं. आमच्याच धंद्यातले काही जण ही वेदनाशामक चिठ्ठीशिवाय देतात, तिकडेही बघा.

आणि तपासणी. क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा आकडा आहे. किडनीचं जवळपास निम्मं काम गेल्याशिवाय तो फारसा हलत नाही. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची चाचणी खूप आधी सांगते. प्रत्येक मधुमेही आणि बीपीच्या रुग्णाची ती वर्षातून एकदा सरकारच्या 'आपला दवाखाना'मध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत व्हायला हवी.

राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाला वेगळा कायदा लागणार नाही, तो २०२३मध्ये झालाच आहे. पुढच्या खरेदीत या गटातली एक गोळी आणि अल्ब्युमिनच्या चाचणीचं साहित्य आहे की नाही, हे आपण जाहीर करावं. नसेल तर का नाही, तेही.

आपला,
एक औषध विक्रेता,
पर्वती पायथा, पुणे